मिळकतीच्या पायऱ्या आणि आरोग्यविम्याची सवलत

ज्या ऑस्ट्रेलियात १९८४ सालापासून ‘मेडिकेअर’ ही सार्वजनिक योजना प्रजेच्या औषधोपचाराचा भार वाहत आली आहे, तेथे खाजगी आरोग्यविमा उतरविणाऱ्यांनाही सरकारी खजिन्यातून साह्य मिळावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु लोक खाजगी रुग्णालयांकडे वळले म्हणजे सरकारी रुग्णालयांवरील ताण हलका होईल, या हिशेबाने हॉवर्ड सरकारने जानेवारी १९९९ पासून विम्याच्या हप्त्यावर सरसकट ३० टक्के सवलत दिली आणि तीत रावरंक असा भेद ठेवला नाही.

तो भेद गिलार्ड सरकारने १ जुलै २०१२ पासून केला. झाडलोट करणाऱ्याने भरलेल्या करातून लक्षाधीश वकिलाच्या विम्याला हातभार का लागावा, हा त्यामागील युक्तिवाद मला तरी बिनतोड वाटतो. २०२४-२५ च्या आरंभीच्या कोष्टकानुसार, पासष्टीच्या आतील एकट्या माणसाची वार्षिक मिळकत ९७ हजार डॉलरपर्यंत असल्यास हप्त्याचा २४.६०८ टक्के भाग सरकार उचलीत असे. १ लाख १३ हजारांपर्यंत १६.४०५ टक्के, १ लाख ५१ हजारांपर्यंत ८.२०२ टक्के, आणि त्यापुढे काहीच नाही. दांपत्याला दुप्पट मर्यादा मिळते खरी, पण दोघांची मिळकत एकत्र धरली जाते. शिवाय भाड्याने दिलेल्या घरातील तूट वजा दाखवून मिळकत आखूड करण्याची हिकमत येथे चालत नाही, कारण ती तूट पुन्हा मिळकतीत मिळविली जाते. विमा कंपनीला खालची पायरी सांगून हप्ता कमी करून घेतलाच, तर वर्षअखेरीच्या विवरणपत्रात करखाते जादा सवलत वसूल करते.

सवलत गमावूनही श्रीमंत विमा सोडीत नाहीत, याचे एक कारण याच पायऱ्यांवर उभा असलेला अधिभार होय. मेडिकेअरसाठी सामान्यतः द्यावा लागणारा २ टक्के कर भरूनही, वरच्या पायऱ्यांवरील ज्या माणसाजवळ रुग्णालयाचा विमा नसेल, त्याला १ ते १.५ टक्के आणखी मोजावे लागतात. २०२४-२५ साली लाखाच्या मिळकतीवर हे हजार डॉलर होत. (पुण्याहून तात्पुरत्या परवान्यावर गेलेल्या नोकरदाराला बहुधा मेडिकेअरचाच हक्क नसतो, मग मिळकत कितीही थोडी असो, सवलतीचा प्रश्नच उद्भवत नाही.)

मिळकतीच्या या कसोटीवर वादविवाद पुष्कळ झाले; दुसरी काटछाट मात्र निमूटपणे चालू आहे. २०१४ पासून दर एप्रिलमध्ये एका सूत्राने सवलतीची टक्केवारी पुन्हा ठरते; महागाईपेक्षा विम्याचे हप्ते अधिक वेगाने चढले, की ती छाटली जाते, आणि ही छाटणी अल्प मिळकतीच्या माणसालाही चुकत नाही. मूळचे ३० टक्के २४.६०८ वर आले ते असे. सत्तरी उलटलेल्यांना २००५ साली ४० टक्के मिळत, ते ३२.८१२ झाले. १ एप्रिल २०२५ रोजी खालच्या पायरीवरील दर २४.२८८ झाला, आणि या घसरणीसाठी संसदेत दरवर्षी नवे मतदान घ्यावे लागत नाही.