‘मग मी’ की ‘मी मग’?

काल दिवसभर काय केलंत, ते कुणाला तरी सांगून पाहा. ‘मग मी चहा घेतला, मग मी बस पकडली’ असंच तोंडून येईल. ‘मी मग चहा घेतला, मी मग बस पकडली’ असं सलग कुणी बोलत नाही. शब्द तेच, फक्त जागा बदललेल्या. पण फाशी जाऊन चाळीस वर्षं झालेल्या एका तरुणाचा जबाब खरोखर त्याच्याच तोंडचा होता का, याचा माग एका भाषातज्ज्ञाला एवढ्याशा फरकातून लागला.

२ नोव्हेंबर १९५२ची रात्र. लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये १६ वर्षांचा ख्रिस्तोफर क्रेग आणि १९ वर्षांचा डेरेक बेंटली चोरीसाठी एका गोदामाच्या छपरावर चढले. पोलीस आले आणि बेंटली पकडला गेला. पोलिसांचं म्हणणं, तेव्हा तो ओरडला, ‘दे त्याला, ख्रिस!’ मूळ इंग्रजी वाक्यही आपल्या ‘दे त्याला’सारखंच दुधारी: बंदूक देऊन टाक, किंवा हाण त्याला! हे वाक्य उच्चारलंच गेलं नाही, असं दोघेही म्हणत राहिले. क्रेगने गोळ्या झाडल्या. जिन्याच्या दारातून छपरावर येणारे कॉन्स्टेबल सिडनी माइल्स जागीच गेले. तोवर बेंटलीला पकडून सुमारे पाव तास झाला होता.

गोळी झाडणारा क्रेग अठराच्या आतला, म्हणून फाशीतून सुटला. बेंटली सुटला नाही. ज्युरीने दयेची शिफारस केली होती. तरीही १३ जानेवारी १९५३ला त्याचं अपील फेटाळलं गेलं आणि २८ जानेवारीला वाँड्सवर्थ तुरुंगात त्याला फाशी दिली.

खटल्यात त्याचा जबाब महत्त्वाचा ठरला होता. आम्ही एकही प्रश्न विचारला नाही, तो बोलत गेला तसं उतरवून घेतलं, असं पोलिसांनी शपथेवर सांगितलं. बेंटलीला लिहिता-वाचता जेमतेम येत होतं.

नव्वदच्या दशकात भाषाशास्त्रज्ञ माल्कम कूलथार्ड हा जबाब घेऊन बसले. शब्द ५८२. त्यांत ‘मग’ या अर्थाचा इंग्रजी शब्द दहादा, म्हणजे दर ५८ शब्दांमागे एकदा. सामान्य साक्षीदारांच्या जबाबांत तो ९३० शब्दांत एकदाच सापडला. पोलिसांनी स्वतः लिहिलेल्या निवेदनांत मात्र दर ७८ शब्दांमागे एकदा! ‘मी मग’ हा उलटा क्रम बोलीभाषेच्या मोठ्या संग्रहात १,६५,००० शब्दांमागे एकदा येत होता. बेंटलीच्या जबाबात तीनदा. त्यात भर नकारांची. गोष्ट सांगणारा माणूस काय घडलं ते सांगतो. काय घडलं नाही, हे बहुधा कुणी विचारल्यावर सांगतो. या जबाबात ‘मला ठाऊक नव्हतं’ अशी वाक्यं मध्येच उगवतात. प्रश्न पुसले गेले, उत्तरं राहिली.

३० जुलै १९९८ रोजी लंडनच्या अपील न्यायालयाने बेंटलीची दोषसिद्धी रद्द केली. निकालाचा मुख्य आधार वेगळा होता: मूळ खटल्यात न्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी ज्युरीला केलेलं मार्गदर्शन इतकं सदोष होतं, की आरोपीला न्याय्य खटला मिळालाच नाही. बेंटलीला न्याय मिळावा म्हणून आयुष्यभर झगडलेली त्याची बहीण आयरिस आदल्याच वर्षी वारली होती.

आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यातलं कलम २५ आज भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ म्हणून आहे. पण साक्षीदार म्हणून जबाब देण्याची वेळ कुणावरही येऊ शकते. त्यात तुम्ही ‘तो माणूस’ म्हणता आणि कागदावर ‘सदर इसम’ उतरतो. शेवटी ठरलेलं वाक्य असतं: जबाब वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ते वाक्य मान्य करण्याआधी जबाब खरंच वाचा.