जुनेरांची गोधडी : कापडाची निवड आणि शिवण

सुरतेजवळ तापी नदीच्या मुखाशी हजीरा हे ठिकाण आहे. तेथे १९९० च्या दशकात पॉलिएस्टर व त्याचा कच्चा माल तयार करणारा मोठा उद्योग उभा राहिला. सुरतेत विणल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या साड्या आता महाराष्ट्रातील आठवडी बाजारांतही सर्रास मिळतात. खानदेशातून जाऊन सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरीही त्याच दिसतात. घरातील जुनेरांचे स्वरूप असे पालटल्याने, त्यांपासून होणाऱ्या गोधडीचा विचारही नव्याने करणे आवश्यक झाले आहे.

गोधडीस काही भागांत वाकळ म्हणतात. रजईप्रमाणे तिच्यात कापूस भरलेला नसतो. त्यामुळे तो पुन्हा पिंजून घेण्याचा खर्च पडत नाही व ती सबंध धुता येते. कापडाच्या थरांमध्ये कोंडलेली हवा हीच तिची ऊब होय. नऊवारी लुगडे सुमारे ८ मीटर लांब असते. ते न कापता चौपदरी घडी केल्यास सुमारे २ मीटर लांबीचे चार थर मिळतात व एका माणसाच्या हलक्या पांघरुणाची सोय होते. अधिक उबेसाठी मध्ये जुने धोतर अथवा चादर घालावी.

कापडाची निवड मात्र विचारपूर्वक करावी. सुती कापड साधारण हवेत आपल्या वजनाच्या सुमारे ७ ते ८ टक्के ओलावा सामावून घेते. पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. त्यामुळे कृत्रिम कापडाखाली घाम अंगावरच राहतो. यास्तव कृत्रिम साड्या आतील थरांत घालाव्यात आणि अंगास लागणारी बाजू सुतीच ठेवावी. तान्ह्या मुलांची दुपटी संपूर्ण सुती असावीत. पॉलिएस्टर आगीने वितळून कातडीस चिकटते. म्हणून अशी गोधडी चूल व शेकोटीपासून दूर ठेवावी.

शिवण्यापूर्वी सर्व कापड धुऊन कडक उन्हात वाळवावे. नवे सुती कापड वापरावयाचे झाल्यास ते आधी भिजवून आटवून घ्यावे. अन्यथा पहिल्याच धुण्यात गोधडी आकसते. विरलेला भाग आत घेऊन त्यावर ठिगळ लावावे. सपाट जमिनीवर थर अंथरून प्रथम मोठे कच्चे टाके घालावेत. नंतर मध्यापासून चारही कडांकडे धावदोरा घालीत जावे, म्हणजे चुण्या पडत नाहीत. दोन ओळींत सुमारे दोन बोटांचे अंतर पुरे. टाका फार आवळल्यास थर दबून ऊब कमी होते.

खर्च काय तो सुई-दोऱ्याचा. बाकी सारे घरातलेच. सुती लुगडी व धोतरे आता घरोघरी दुर्मिळ होत चालली आहेत. म्हणून भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे बोहारणीस देण्यापूर्वी त्यांतील सुती वस्त्रे निवडून बाजूला ठेवावीत. येत्या हिवाळ्याचे पांघरूण त्यांतूनच सिद्ध होईल.