श्रोत्याचे दुहेरी इमान

शास्त्रीय संगीताचा अभिमानी आणि सिनेमाच्या गाण्यांचा षौकी ही दोन निराळी माणसे आहेत असे गृहीत धरून आपल्याकडे पुष्कळ वाद झडले. वस्तुतः मांडी न मोडता रात्रभर बैठक ऐकणारा आणि सकाळी दाढी करताना लताबाईंचे गाणे गुणगुणणारा गृहस्थ बहुधा एकच असतो.

मराठी श्रोत्याला ही सवय रंगभूमीने लावली. १९१६ साली गंधर्व मंडळीचे 'स्वयंवर' आले तेव्हा नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ यांची तालीम लाभलेल्या भास्करबुवा बखल्यांनी, घराण्यांत खाजगी मिळकतीप्रमाणे जपलेल्या बंदिशींचे साचे नाटकाच्या पदांवर चढवून, ते तिकीट काढून आलेल्या कोणाही इसमाच्या हवाली केले. त्या इसमास रागाचे नाव ठाऊक नसे, पण बालगंधर्वांच्या कंठातला यमन तो घरी घेऊन जाई.

या सवयीची कसोटी १९५२ साली लागली. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या अमलात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. केसकरांची कळकळ खरी होती; संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला आणि ज्यांच्या गावी कधी बैठक झाली नव्हती त्यांना थोर गवई घरबसल्या ऐकावयास मिळाले, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. श्रोत्याने मात्र या कारभारातले पथ्याचे तेवढे घेतले: राष्ट्रीय कार्यक्रम ऐकला, आणि बुधवारी रात्री अमीन सायानींच्या 'बिनाका गीतमाले'साठी रेडिओची कळ सिलोनकडे फिरवली. गंमत अशी की, सरकारने सिनेमास मज्जाव केला त्याच वर्षी सिनेमाने 'बैजू बावरा'साठी अमीरखाँ आणि द. वि. पलुस्कर यांना पाचारण करून देसी रागातील जुगलबंदी गावोगावच्या तंबूंपर्यंत पोहोचवली. (कथेच्या सोयीसाठी खाँसाहेबांना तेथे हरावे लागले, चार वर्षांनी 'बसंत बहार'मध्ये तोच प्रसंग भीमसेनांवर मन्ना डे यांच्यापुढे आला.) दरम्यान खुद्द आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ साली माडगूळकर-फडक्यांचे 'गीतरामायण' छप्पन्न गीतांनी घरोघर गेले, आणि त्याच्या रागदारीवर आधारलेल्या चाली गुणगुणताना आपण शास्त्रीय ऐकतो की सुगम, हा प्रश्न कोणास पडला नाही. अखेर १९५७च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली आणि हद्दपारीचा हुकूम व्यवहारतः रद्द झाला.

ऐकण्याच्या रीती मात्र निराळ्या ठेवाव्या लागतात. विलंबित खयालात गवई एकेक स्वर उलगडीत तार षड्जास पोहोचेपर्यंत श्रोत्याने उतावीळ होता कामा नये. चित्रपटगीतात शब्द, वाद्यमेळ आणि गळा ही सारी तीन-साडेतीन मिनिटांत आखून आलेली असतात, कारण जुन्या तबकडीची एक बाजू तेवढीच. ही सक्ती तबकडीने अब्दुल करीमखाँसाहेबांवरही केली, आणि त्यांची झिंझोटीची ठुमरी त्या चिमुकल्या अवकाशातही अपुरी वाटत नाही. १९३५च्या 'देवदास'मध्ये सैगल यांनी तीच गायिली, तेव्हा ती कोणत्या दालनाची मानावी?

सिनेमाच्या गाण्याने लोकांचे कान बिघडले, हा आरोप कुमार गंधर्वांनी लताबाईंवरील लेखात साफ फेटाळून, कान उलट सुधारले असे म्हटले. मला हे मान्य आहे, अर्धे. त्या गाण्यांवर पोसलेला तरुण प्रथम बैठकीस आला की स्वराची चूक चटकन हेरतो आणि अर्ध्या तासात चुळबुळू लागतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. त्याला सूर कळतो, समेची वाट पाहणे अजून अंगवळणी पडलेले नसते.