दूरचा गुरू आणि मानवाकृतीचा अभ्यास

मानवी देहाचे चित्रण ही चित्रकलेतील सर्वांत कठीण विद्यांपैकी एक मानली जाते. झाडाची फांदी चार बोटे इकडेतिकडे झाली तर पाहणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. परंतु खांदा किंचित सरकला, तरी चित्रात काहीतरी बिघडले आहे हे कलेचे शिक्षण नसलेल्या माणसालाही जाणवते. म्हणूनच कलाशाळांतून प्रथम प्लास्टरचे पुतळे आणि पुढे जिवंत व्यक्ती समोर बसवून विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे रेखाटने करून घेण्याची प्रथा पडली. आपल्या देशात मद्रास (१८५०), कलकत्ता (१८५४) आणि मुंबई (१८५७) येथे अशा शाळा स्थापन झाल्या. तथापि एवढ्या विशाल देशात असंख्य होतकरू विद्यार्थी त्यांच्या उंबरठ्यापर्यंत कधीच पोचू शकले नाहीत. आज अशा विद्यार्थ्याच्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि त्यावर जगभरातील शिक्षकांचे ऑनलाइन पाठ उपलब्ध आहेत. गुरू आणि नमुना हे दोन्ही पडद्यापलीकडे असताना मानवाकृतीचा चित्रकार घडू शकतो काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

दुरून शिकण्याची परंपरा

दुरून कला शिकणे ही काही आजचीच गोष्ट नव्हे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार होण्याचे ठरवले, तेव्हा तो बेल्जियममधील कोळशाच्या खाणींच्या मुलखात राहत होता. चित्रांच्या व्यापारातील एका जुन्या परिचिताकडून त्याने शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराने तयार केलेल्या अभ्यासक्रमाचे तक्ते उसने मागवले आणि त्यांतील मानवाकृती चिकाटीने पुनःपुन्हा उतरवून काढल्या. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. १८८१ मध्ये एटेन या गावी त्याने शेतमजुरांना समोर उभे करून रेखाटने केली. पुढे द हेग येथे, हलाखीच्या स्थितीतही, पदरमोड करून त्याने माणसे बसवली. तक्त्यांनी त्याच्या हाताला वळण लावले, आणि त्या वळणाचा कस जिवंत माणसासमोर लागला.

राजा रविवर्मा यांचे उदाहरणही बोलके आहे. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा चित्रकार त्रावणकोर दरबारी आला. तो तैलचित्रणाची विद्या शिकवण्यास राजी नव्हता. मात्र काम चालू असताना पाहण्याची मुभा रविवर्म्यांना मिळाली, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. आजचा विद्यार्थी चित्रफीत पाहतो तेव्हा तोही एका अर्थी हेच करीत असतो. फरक इतकाच की, त्याला तोच फटकारा दहा वेळा मागे नेऊन पाहता येतो.

पडद्याची देणगी आणि पडद्याची उणीव

ऑनलाइन अभ्यासाने नमुन्यांचा दुष्काळ संपवला, यात शंका नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये ३,७५,००० हून अधिक प्रतिमा सर्वांच्या मुक्त वापरासाठी खुल्या केल्या. एकेकाळी निवडक अभ्यासकांनाच जवळून पाहता येत असलेली रेखाटने आज खेड्यातील मुलालाही मोठी करून पाहता येतात.

परंतु छायाचित्र म्हणजे देह नव्हे. आपण दोन डोळ्यांनी पाहतो, कॅमेरा एकाच भिंगातून पाहतो. जवळून छायाचित्र घेतले तर पुढे आलेला हात वाजवीपेक्षा मोठा दिसतो. डोळ्यांना सावलीत दिसणारे बारकावे छायाचित्रात पुष्कळदा काळ्या डागात बुडून जातात. जो केवळ छायाचित्रेच उतरवतो, तो हे दोषही इमानाने उतरवतो आणि त्यांनाच निसर्ग समजू लागतो.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. चित्रफितीतील गुरू दाखवतो, पण विद्यार्थ्याचा कागद त्याला दिसत नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत टपालाने कला शिकवणारी ‘फेमस आर्टिस्ट्स स्कूल’ ही संस्था निघाली, तेव्हा तेथील शिक्षक विद्यार्थ्याच्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून दुरुस्त्या रेखाटीत आणि तो परत धाडीत. त्या शिक्षणाचा प्राण या पारदर्शक कागदात होता. आजही जेथे शिक्षक विद्यार्थ्याच्या चित्रावर प्रत्यक्ष दुरुस्ती करून दाखवतो, तेथेच ऑनलाइन पाठाला शिक्षणाचे रूप येते.

अभ्यासाचा क्रम

अशी दुरुस्ती ज्याला मिळत नाही, त्याने ती स्वतः करण्याची सवय लावून घेतली पाहिजे. प्रथम अर्ध्या ते दोन मिनिटांची शीघ्र रेखाटने करावीत. त्यांत नाक-डोळे टिपायचे नसून देहाचा तोल आणि झोक पकडायचा असतो. शरीराचा भार एका पायावर गेला की त्या बाजूची कंबर वर उचलली जाते, आणि विसावलेल्या स्थितीत त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो. आपल्या मूर्तिकारांनी त्रिभंग मुद्रेत या झोकाचेच सौंदर्य खुलवले आहे.

त्यानंतर दीर्घ अभ्यासाकडे वळावे. कंठाच्या खळीतून मनाने ओळंबा सोडून तो कोणत्या पावलाजवळ उतरतो ते पाहावे. डोक्याच्या उंचीने संपूर्ण देह मोजावा. उभ्या प्रौढ माणसाची उंची साधारणतः साडेसात डोकी भरते. चित्र पुरे झाल्यावर ते मूळ नमुन्याशी ताडून चुका लाल पेन्सिलीने दाखवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी तीच आकृती केवळ स्मरणाने काढावी. जे स्मरणाने काढता येत नाही, ते अद्याप समजलेले नाही, असे खुशाल मानावे.

आणि दररोज काही वेळ पडदा बंद ठेवावा. आरशातील आपला चेहरा, आपलाच डावा हात, ओसरीवर धान्य निवडणारी आजी, फलाटावर गाठोड्याला टेकून झोपलेला प्रवासी, हे नमुने विनामूल्य आहेत. कोणाचे सविस्तर चित्र काढायचे असल्यास त्याची संमती मात्र अवश्य घ्यावी. जिवंत माणूस हलतो, कंटाळतो, श्वास घेतो. म्हणूनच त्याच्यासमोर चित्रकाराला नक्कल करून भागत नाही, निवड करावी लागते. ही निवड करण्याचे सामर्थ्य हीच त्याच्या वाढीची खरी खूण होय. दूरचा गुरू त्या वाटेवर आणून सोडतो. पुढची वाट विद्यार्थ्याला समोरच्या माणसाकडे पाहतच चालावी लागते.