समुद्रातलं गाजरगवत

शेताच्या बांधावरचं गाजरगवत उपटून आपण सगळ्याजणी दमलोय. मूळचं ते अमेरिका खंडातलं. आपल्याकडे १९५०च्या दशकात पुण्यात दिसलं आणि मग रानोमाळ पसरलं. समुद्रातही असंच एक गाजरगवत आहे. फक्त ते गवत नाही, प्राणी आहे. आज त्याची ओळख करून घेऊ.

या प्राण्याला आपण समुद्रपिचकारी म्हणू. चामड्याच्या पिशवीसारखं अंग, त्याला दोन तोंडं. एका तोंडातून पाणी आत घ्यायचं, त्यातले बारीक कण गाळून खायचे, दुसऱ्यातून पाणी बाहेर सोडायचं. दाबली की चिळकांडी उडते. हिच्या पुष्कळ जाती आहेत, आपल्या किनाऱ्यावरही आहेत. आजची जात आहे स्टायेला क्लावा. क्लावा म्हणजे गदा. बारीक देठ, वर फुगीर अंग, खडबडीत तपकिरी साल आणि लांबी फार तर वीतभर.

तिचं माहेर म्हणजे जपान, कोरिया, उत्तर चीनचा किनारा. कोरियात तिला मिदोदोक म्हणतात. तिथे तिची शेती होते, साल सोलून तिचा रस्सा करतात.

१९५३ मध्ये ती इंग्लंडमध्ये प्लिमथजवळ सापडली. पुढे कॅनडात आणि २००५ मध्ये न्यूझीलंडमध्येही दिसली. तिचं पिल्लू जेमतेम एक-दोन दिवस पोहतं, मग कशाला तरी चिकटून जन्मभर तिथंच राहतं. तरी ती एवढ्या लांब गेली, कारण जहाजांच्या बुडाला आणि शिंपल्यांच्या बियाण्याला चिकटून माणसानंच तिला नेलं.

कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर दोऱ्यांना शिंपले लावून वाढवतात. त्या दोऱ्यांवर ही गच्च बसली. शिंपल्यांच्या तोंडचा घास तिनं पळवला, दोऱ्या जड झाल्या, शिंपले गळून पडू लागले. चुन्याचं पाणी, सिरका वापरून तिला मारायचा खर्च शेतकऱ्यांच्या माथी आला.

मग ही जात धोक्यात आहे का? मुळीच नाही. जगातल्या धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीसाठी तिची तपासणीसुद्धा झालेली नाही. उलट न्यूझीलंडनं तिला कायद्यानं ‘नकोसा जीव’ ठरवलं. एखादा जीव भरपूर आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं नसतं. तो कुठे भरपूर आहे, तेही बघावं लागतं. माहेरी जी ताटात येते, तीच परक्या पाण्यात दुसऱ्याचं ताट रिकामं करते.

सिंधुदुर्गातल्या काही बचत गटांच्या बायका खाडीत शिंपले आणि कालवं वाढवतात. त्यांच्यासाठी आमचं सांगणं एवढंच: एका खाडीतली होडी, दोऱ्या, जाळी दुसऱ्या खाडीत नेण्याआधी घासून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. बियाण्याला चिकटलेलं काही दिसलं तर काढा, पण परत पाण्यात टाकू नका. अनोळखी जीव दिसला तर मत्स्य विभागाच्या लोकांना दाखवा.

गाजरगवत पहिल्यांदा उगवलं तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. खाडीत तरी ती चूक नको.