चिवितावेक्कियाला जहाज, रोमला आपण

भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या कार्यक्रमात एका दिवसापुढे ‘रोम’ असं छापलेलं असतं. जहाज मात्र रोमला जात नाही. ते लागतं चिवितावेक्किया नावाच्या बंदराला. सम्राट ट्राजनने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ते बांधून घेतलं. तिथून रोम साधारण ८० किलोमीटरवर आहे आणि मोटारीने सव्वा ते दीड तास लागतो. सकाळी शहरात शिरताना गर्दी लागली तर त्याहूनही जास्त. या एका गोष्टीवर पुढचं सगळं नियोजन उभं राहतं, म्हणून आधी वेळेचा हिशेब मांडू आणि मग गाईडकडे वळू.

हा हिशेब संध्याकाळकडून सकाळकडे करायचा. जहाज सुटण्याची वेळ आणि प्रवाशांनी परत चढण्याची शेवटची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी वेळ पहिलीच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि आपल्यासाठी तीच खरी. समजा, जहाज संध्याकाळी ७ ला सुटणार आहे आणि चढण्याची शेवटची वेळ ६ आहे. वाटेत अपघात किंवा कोंडी झाली तर हाताशी तासभर हवा, म्हणजे बंदरात ५ ला पोचायचं. त्यासाठी रोममधून साडेतीनला निघायला हवं. आता सकाळची बाजू पाहू. ७ ला जहाज लागलं तरी बंदराची परवानगी मिळून लोक उतरू लागेपर्यंत वेळ जातो. ८ ला खाली उतरलात, सव्वाआठला गाडीत बसलात, तर रोममध्ये पोचायला पावणेदहा होतात. हाती राहिले पावणेसहा तास. त्यात जेवण आलं, सुरक्षा तपासणीच्या रांगा आल्या आणि स्वच्छतागृह शोधणंही आलं. एवढ्या वेळात रोम ‘पूर्ण’ दाखवतो असं कोणी म्हणत असेल, तर तो माणूस आपल्याला गाडीच्या काचेतून रोम दाखवणार आहे.

बंदरातून रोमला जायचे मार्ग तीन. जहाजाची स्वतःची सहल घेतली तर चाळीस-पन्नास जणांची बस असते आणि सगळे एका छत्रीमागे चालतात. तिचा मोठा फायदा म्हणजे बस उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा कंपनी आपल्या खर्चाने पुढच्या बंदराला पोचवते. दुसरा मार्ग रेल्वेचा. बंदरातल्या शटल बसने फाटकापर्यंत जायचं, तिथून स्टेशन, आणि साध्या गाडीने तासाभरात सान पिएत्रो, म्हणजे व्हॅटिकनजवळचं स्टेशन. हा सर्वांत स्वस्त. पायात बळ असेल आणि संपाची बातमी आदल्या दिवशी तपासायची सवय असेल, तर उत्तम. तिसरा मार्ग खासगी गाडी आणि गाईडचा. तो स्वस्त नाही, पण दर बहुतेक वेळा माणशी नसून गाडीमागे असतो. त्यामुळे दोघांना महाग पडणारी सहल आजी-आजोबा, मुलं आणि नातवंडं मिळून सात-आठ जणांना जहाजाच्या बसइतक्याच खर्चात पडू शकते. पैशांपलीकडेही एक कारण आहे. माझ्या मते तेच मुख्य आहे: दिवसाचा वेग आपल्या हाती राहतो. एखाद्या ठिकाणी गुडघे दुखतात म्हणून बसता येतं, एखादी गोष्ट मनाला भिडली म्हणून अर्धा तास जास्त थांबता येतं. आणि मनातला प्रश्न विचारता येतो.

ठरवताना सर्वांत जास्त घोटाळा होतो तो ड्रायव्हर आणि गाईड यांच्यात. इटलीत हे दोन वेगळे परवाने आहेत. चालकासह भाड्याने मिळणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर इंग्रजी छान बोलतो, वाटेत बरीच माहिती सांगतो, पण कोलोसियमच्या आत किंवा व्हॅटिकन संग्रहालयात तो तुम्हाला फिरवू शकत नाही. ते काम परवानाधारक गाईडचं. त्याच्या गळ्यात फोटोचं ओळखपत्र असतं. २०२३ च्या कायद्याने या गाईडांसाठी देशभर एकच नोंदवही आणि परीक्षेची व्यवस्था आणली. त्यामुळे जाहिरातीत ‘इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर’ लिहिलेलं असेल तर त्यात गाईड धरलेला नाही असंच समजावं. गाईड धरलेला असला तरी पुष्कळदा तो रोममध्ये भेटतो आणि तीनच तास सोबत राहतो. बाकी दिवस ड्रायव्हर आणि आपण. यात गैर काहीच नाही, फक्त ते आधी माहीत हवं.

म्हणून पैसे भरण्याआधी ईमेलवर लेखी विचारून घ्यावं. गाईड किती तास आणि नेमका कुठे भेटणार? तिकिटं, टोल आणि पार्किंग दरात धरलंय का? परतताना ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर जास्तीचे पैसे किती? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हवामानामुळे जहाज बंदराला लागलंच नाही तर ॲडव्हान्स परत मिळणार का? क्रूझवर असं घडतं. कप्तानाला वाऱ्यापुढे बंदर सोडून द्यावं लागतं. जी मंडळी क्रूझच्या प्रवाशांबरोबर नेहमी काम करतात ती या प्रश्नाला एका ओळीत होकार देतात, जहाजाचं नाव आणि तारीख मागून घेतात आणि त्याच्या येण्यावर स्वतःच लक्ष ठेवतात. उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे पाहावं.

मग तिकिटं. कोलोसियमची तिकिटं २०२३ पासून नावानिशी मिळतात आणि दारावर ओळखपत्राशी ताडून पाहतात. विक्री साधारण ३० दिवस आधी उघडते आणि सकाळच्या वेळा भराभर संपतात. त्यामुळे गाईडला सगळ्यांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच पाठवावीत. घरात हाक मारायचं नाव वेगळं, पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि क्रूझच्या तिकिटावर त्यातलं अर्धंच, असा गोंधळ आपल्याकडे सर्रास असतो. काही जहाजांवर प्रवाशांचे पासपोर्ट रिसेप्शनला जमा ठेवतात. तसं असेल तर आदल्या संध्याकाळी मागून घ्यावा.

काय पाहायचं, हा प्रश्न खरं तर काय सोडायचं असा आहे. व्हॅटिकन संग्रहालय आणि कोलोसियम, दोन्ही आतून, एकाच दिवशी करता येतात. पण तरुण पायांनाही ती दमछाक होते आणि सिस्टिन चॅपलच्या छताखाली उभं असताना लक्ष घड्याळाकडे राहतं. यांपैकी एकच आतून पाहावं असं माझं ठाम मत आहे. वारही पाहावा. रविवारी व्हॅटिकन संग्रहालय बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद. बुधवारी सकाळी पोपचं जाहीर दर्शन असेल तर सेंट पीटर्स चर्चमध्ये दुपारपर्यंत प्रवेश नसतो. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी चालते, पण ब्लाउज बिनबाह्यांचा असेल तर ओढणी जवळ ठेवावी.

उतरण्याच्या दिवशी सकाळी जहाजाच्या शिडीशी आपलं कार्ड यंत्रावर टेकवतात, म्हणजे आपण बाहेर गेल्याची नोंद होते. धक्क्यावरून मनाला येईल तसं चालत जाता येत नाही, म्हणून ड्रायव्हर धक्क्यावर भेटणार की शटल बस थांबते तिथे, हे आदल्या दिवशी पक्कं करावं. तो नावाची पाटी घेऊन उभा असतो. त्याच्याशी पहिलं बोलणं परतीच्या वेळेचंच करावं. एखादं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून दिवसभर तेच पाहावं, कारण मोबाइल स्वतःहून किनाऱ्याची वेळ धरतो आणि काही जहाजं आपली वेळ बदलत नाहीत.

शहरात शिरल्यावर खासगी गाडीचा आणखी एक उपयोग कळतो. रोमच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते. परवाना असलेली गाडी मात्र आत जाते, त्यामुळे ज्येष्ठांचं चालणं वाचतं. रस्त्यांवर काळ्या दगडांचे छोटे चौकोनी ठोकळे बसवलेले आहेत. दिसायला सुंदर, घोट्यांना त्रासदायक. जाड तळव्यांचे बूटच घालावेत.

आता कोलोसियम. बाहेरून सगळे फोटो काढतात आणि आत धावतात. चांगला गाईड आधी बाहेरच थांबवतो आणि कमानींच्या माथ्याकडे बघायला सांगतो. तिथे दगडात रोमन आकडे कोरलेले आहेत. तळाच्या ८० कमानींपैकी ७६ वर असे क्रमांक होते. आज बाहेरची भिंत जिथे शाबूत आहे, तिथे २३ ते ५४ दिसतात. प्रेक्षकाच्या हातातल्या खुणेवर जो क्रमांक असे, त्याच दारातून त्याने शिरायचं. इसवी सन ८० मध्ये हे रंगस्थळ सुरू झालं, तेव्हापासून हजारो माणसं धक्काबुक्की न करता आत-बाहेर करत होती ती या आकड्यांमुळे. मग नजर खाली आली की दगडांमधली भोकं दिसतात. तिथे ठोकळे जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या होत्या. मध्ययुगात लोकांनी त्या धातूसाठी उकरून नेल्या. बसमधल्या पन्नास जणांना हे दाखवायला गाईडला सवड नसते.

त्याच तिकिटात फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, येतं, आणि तिथे मराठी माणसाने हट्टाने मागून घ्यावी अशी एक गोष्ट आहे. सम्राट मॅक्सेंशियसच्या सभागृहाच्या तीन प्रचंड कमानी दुरूनही दिसतात. त्या इमारतीखाली सम्राट डोमिशियनच्या काळातली मसाल्यांची कोठारं होती आणि त्यांचं नावच मिरीवरून पडलं होतं. ती मिरी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून, मुख्यतः मलबारातून जात असे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांची नावं आहेत. भारताच्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) बाहेर जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवली आहे. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. हे सगळं मनात ठेवून त्या कमानींपुढे उभं राहिलं की रोम परकं वाटत नाही. गाईडला ईमेलमध्ये आधीच कळवावं की आम्हाला भारताशी असलेल्या व्यापाराबद्दल ऐकायचं आहे. अभ्यासू गाईड त्यावर खूश होतो आणि तयारी करून येतो.

दुपारी पँथिऑन, म्हणजे घुमटाचं प्राचीन रोमन देवालय. २०२३ च्या जुलैत तिथे ५ युरोचं तिकीट सुरू झालं. घुमटाचा व्यास ४३ मीटरच्या थोडा वर, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. माथ्यावर उघडं वर्तुळ आहे, त्यातून पाऊस आत येतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातो. ती छिद्रं शोधायला मुलांना आवडतं. सळ्यांशिवाय उभा असलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट जगात दुसरा नाही.

शाकाहारी मंडळींनी जेवणाचं आधी सांगून ठेवावं. पार्मेजान आणि पेकोरिनो ही दोन्ही चीज प्राण्याच्या जठरातल्या विरजणाने बनतात, त्यामुळे कडक शाकाहारी माणसाला साधा पास्ताही अडचणीचा ठरू शकतो. टोमॅटो आणि लसणाचा बिनचीजचा मरिनारा पिझ्झा हा बिनघोर पर्याय. त्यावर मासे नसतातच, तरी विचारलेलं बरं. पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. रस्तोरस्ती वाकड्या तोटीचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात. १८७० च्या दशकापासून बसवलेले असे नळ शहरात अडीच हजारांच्या आसपास आहेत. तोटीचं तोंड बोटाने दाबून धरलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार उसळते. वाकावं लागत नाही, थेट तोंड लावता येतं.

साडेतीनला गाडीत बसायचं, म्हणजे तीन वाजून पंचवीस मिनिटांनी सगळे गाडीपाशी. शेवटचं आइस्क्रीम आणि शेवटचं दुकान यांतच परतीची वेळ निसटते. कुटुंबातल्या एकाने ही जबाबदारी उघडपणे अंगावर घ्यावी, बाकीच्यांनी त्याचं ऐकावं.

एवढं करूनही महामार्ग बंद पडू शकतो आणि खासगी सहलीतल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. म्हणून सकाळी उतरण्यापूर्वी जहाजाच्या दैनिक पत्रकाचा मोबाइलवर फोटो काढावा. त्यावर बंदरातल्या एजंटचं नाव आणि फोन नंबर असतो. उशीर होतोय असं वाटताच गाडीतूनच त्याला कळवावं. जहाज सुटलंच तर केबिनच्या तिजोरीतला पासपोर्ट बहुतेक वेळा त्याच्याकडे सोपवून जातात. पासपोर्ट, शेंगेन व्हिसाची प्रत, क्रेडिट कार्ड आणि दोन दिवसांची औषधं अंगावरच्या पिशवीत असतील तर पुढचं जमवता येतं. दुसऱ्या दिवशीचं बंदर नेपल्स असेल तर रोमहून वेगवान रेल्वेने साधारण सव्वा तास लागतो. बार्सिलोना असेल तर रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून विमान घ्यावं लागतं. मधलं एखादं बंदर शेंगेनबाहेरचं असेल तर व्हिसा एकदाच प्रवेशाचा असून चालणार नाही, आणि हे मात्र भारतातून निघण्यापूर्वीच पाहून ठेवावं लागतं.