दांडा की मुळी? आमरीची थंडीतली चाहूल

सांगलीला विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावशीच्या फॅलेनॉप्सिस या आमरीला (ऑर्किडचं मराठी नाव आमरी) गेल्या जानेवारीत पानाखालून हिरवं टोक फुटलं. "मुळी बाहेर आलीय, कुंडीत घालते," म्हणत तिनं ते अंगठ्यानं खाली दाबलं आणि ते काडकन मोडलं. दोन वर्षं वाट बघून आलेला तो पहिला फुलदांडा होता. मावशी दिवसभर धड बोलली नाही.

ही चूक अनेकांकडून होते, म्हणून ते टोक नीट पाहायला शिकावं. मुळीचं टोक गोल, गुळगुळीत आणि चकाकणारं असतं. मागचा भाग चंदेरी-पांढरा, पाणी मारलं की हिरवट होणारा. दांड्याचं टोक किंचित चपटं, निमुळतं आणि एका बाजूला झुकलेलं. मक्याच्या कोवळ्या कणसाच्या साली जशा एकमेकींवर बसतात, तशी त्यावर बारीक आवरणं दिसतात. तो बहुधा वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानाच्या बगलेतून निघतो आणि उजेडाकडे वर चढतो. मुळीला अशी दिशा नसते. तरीही शंका असेल तर आठ-दहा दिवस हात लावू नका. डेन्ड्रोबियम या दुसऱ्या आमरीचं वेगळं: जून काठीच्या शेंड्याजवळच्या पेरातून दांडा येतो. तिथूनच कधी पिल्लूही फुटतं, पण पिल्लाला आधी पानं येतात आणि मग बुडाशी मुळ्या.

हे सगळं थंडीतच का? फॅलेनॉप्सिस मूळची आग्नेय आशियातल्या जंगलांतली, झाडांच्या खोडांवर वाढणारी. तापमान काही आठवडे 25 अंशांच्या खाली राहिलं की तिला फुलायची खूण पटते. साताऱ्या-सांगलीची डिसेंबर-जानेवारीतली थंडी तिला पुरते, त्यासाठी वेगळा खर्च नाही. आपल्या सह्याद्रीतल्या आमऱ्याही असाच आपापला ऋतू पाळतात. काही डेन्ड्रोबियम उन्हाळ्याच्या तोंडाशी बिनपानांच्या काठ्यांवर फुलतात, तर कासच्या पठारावरच्या हॅबेनेरिया पावसाळ्यात जमिनीतून वर येतात. त्यातल्या एका जातीला 1957 साली वनस्पतिशास्त्रज्ञ सांतापाऊ आणि कापडिया यांनी पाचगणीवरूनच 'पंचगनिएन्सिस' असं नाव दिलं.

या कासच्या आमऱ्या कुणी घरी आणू नयेत, हे मला कळकळीनं सांगायचंय. आमरीचं बी धुळीइतकं बारीक असतं आणि त्यात अन्नाचा साठा नसतो. रुजायला त्याला विशिष्ट बुरशीची सोबत लागते. ती सोबत सुटली की तिथल्या मातीतून उपटलेला कंद आपल्या कुंडीत सहसा टिकत नाही. कास 2012 पासून जागतिक वारशात आहे, तिथली फुलं तिथंच बघावीत. घरासाठी रोपवाटिकेतलं रोप घ्यावं आणि ते मातीत न लावता कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणात लावावं. बोअरचं खारं पाणी शक्यतो टाळा, साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम.

दांडा ओळखलात की कुंडी फिरवू नका. उजेडाची बाजू बदलली की तो वाकडा होतो. वीतभर झाला की काडीला सैल बांधा. टोक दिसल्यापासून फुलं उमलायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे सांगलीत तोवर ऊन तापलेलं असतं आणि कोरड्या झळांनी कळ्या गळतात. तेव्हा फेब्रुवारी सरताच कुंडी गॅलरीतून आत, पूर्वेच्या खिडकीशी आणून ठेवा.